पिंपातली तीन नंबरची काठी

मी गोल्फची एक जुनी काठी आहे, मित्रांनो, आणि माझ्या तळाला तीनचा आकडा कोरलेला आहे. इंग्रजीत आमच्या घराण्याला 'वूड' म्हणतात, कारण फार पूर्वी आमची डोकी लाकडाची असत. माझे डोके मात्र पोलादी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आमचे काम दिसायला सोपे असते. अंड्याएवढा पांढरा चेंडू दूरवर मारायचा, एवढेच. पहिला फटका जिथून मारतात त्या जागेला 'टी' म्हणतात. तिच्यापुढे कापलेल्या गवताचा लांबलचक पट्टा असतो, तो 'फेअरवे'. चेंडू पट्ट्यावर पडला तर ठीक. नाहीतर दोन्हीकडे बाभळी आहेत, नाला आहे आणि चेंडू शोधणाऱ्याचा वैताग आहे.

पहिल्या फटक्याचा मान आमच्यात 'ड्रायव्हर' नावाच्या काठीचा. त्याचे डोके नारळाएवढे, दांडा माझ्याहून चार बोटे लांब आणि रुबाब तर विचारूच नका. मैदानावरची माणसे त्याला 'थोरला' म्हणत. मला धाकटी म्हणावे असेही कुणाच्या मनात आले नाही.

कारखान्यात माझे पोलाद साच्यात ओतले तेव्हाच माझा चेहरा थोडासा आभाळाकडे कललेला ठेवला गेला. या कलण्यातच माझे सगळे गुण आहेत. थोरल्याचा चेहरा भिंतीसारखा ताठ. त्याला जबरदस्त ताकदीने फिरवले तरच चेंडू उडतो. मला मात्र साध्या हाताने फिरवले तरी मी चेंडूला अलगद वर उचलते.

देवळालीत राहणाऱ्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मला पहिल्यांदा घरी नेले. त्र्यंबकच्या रस्त्याला, जिथून अंजनेरीचा डोंगर समोर दिसतो, अशा एका मैदानावर ते खेळायला येत. तिथला सातवा पट्टा भलताच चिंचोळा होता. बाकीचे साहेब तिथेही थोरल्यालाच काढत आणि चेंडू बाभळीत घालवत. कर्नलसाहेब मला काढत. कुणी हसले की म्हणत, "जिथून पुढचा फटका मारता येतो, तिथवरच लांब. नाल्यात गेलेला चेंडू लांब गेला असं मी म्हणत नाही." ती माझी सुखाची वर्षे होती.

मग साहेबांचे गुडघे थकले. त्यांनी सगळ्या काठ्या मैदानाच्या स्टोअरला देऊन टाकल्या. थोरल्याला लगेच मालक मिळाला, लोखंडी काठ्याही गेल्या. मी एका गंजक्या पिंपात उभी राहिले, ती सहा वर्षे. शेजारी मोडक्या छत्र्या आणि एक फुटकी झारी.

स्टोअर सांभाळणारा मोतीराम मनाने वाईट नव्हता, पण त्याच्या लेखी मी नुसते दांडके होते. त्याने माझ्याकडून गांधीलमाश्यांचे पोळे पाडून घेतले. कुत्री हाकलली. मैदानावर रेघा मारायचा चुना कालवायला तर मी ठरलेलीच. ज्या चेहऱ्याने मी चेंडू आभाळात चढवले, तो चेहरा बादलीत बुडवून गरागरा फिरवला जाई. वाळलेल्या चुन्याने माझा तीनचा आकडाही दिसेनासा झाला. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला फार अपमान वाटे.

त्या मैदानावर गवत खुरपायला सात बायका येत. त्यांच्यात सगळ्यांत जुनी बायडाबाई. माहेर घोटीकडचे, सासर मैदानाला लागूनच. वीस वर्षे तिने तिथे उकिडवे बसून लव्हाळा उपटला होता. दर वर्षी शिमग्यानंतरच्या सोमवारी, मैदान बंद असते त्या दिवशी, तिथे काम करणाऱ्यांची स्पर्धा होई. सातव्या टीवरून एकेक फटका. पट्ट्यावर राहून ज्याचा चेंडू सर्वांत लांब जाईल तो जिंकला, आणि त्याच्या चेंडूपाशी खुंटी ठोकायची. माळी मारत, खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी मारत, पहारेकरीसुद्धा मारत. फळ्यावर त्या सगळ्यांची नावे असत. खाली एका ओळीत लिहिलेले असे : 'महिला – ७, चहा-पोहे.'

गेल्या वर्षी फळा लिहून झाला आणि बायडाबाई मैदानाच्या सेक्रेटरीसाहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, आमी बी हितंच काम करतो. आमची नावं का नाय?"

सगळे हसले. सलग तीन वर्षे जिंकलेला महेश कॅडी सर्वांत मोठ्याने हसला. हा उंचापुरा, तिशीतला गडी तोंडाचा फटकळ होता, पण मनाचा साफ. तो म्हणाला, "मावशी, एक फटका मारून दाखवा. माझ्या खुंटीच्या पुढं चेंडू नेलात, तर पुढच्या वर्षी तुम्हा सातही जणींची नावं फळ्यावर. काय साहेब?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. "चालेल. पण एकच फटका. आणि नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," बायडाबाई म्हणाली. मागे उभ्या लंकाबाईने कपाळाला हात लावला. तिने काय, सातजणींपैकी कुणीच आजवर काठी धरली नव्हती. आणि हातात उरले होते फक्त पंधरा दिवस.

महेशने आपणहून तिला एक थोरला आणून दिला. लांब मारायचे तर तोच हवा, असे त्याला मनापासून वाटत होते. काम सुटले की बायडाबाई सातव्या टीवर जाई. पहिला चेंडू दहा पावले घरंगळला. दुसरा उजवीकडे कण्हेरीत शिरला. तिसरा लंकाबाईच्या पाण्याच्या कळशीवर आदळला. थोरला तिच्या हाताला फार लांब होता आणि त्याचा ताठ चेहरा चेंडूला वर उचलतच नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने तो परत केला आणि स्टोअरच्या दाराशी आली. मोतीरामने भंगारवाल्याला दुसऱ्याच दिवशी बोलावले होते. पिंप रिकामे करायचे होते. मी त्या पिंपात होते, मित्रांनो.

तिने एकेक काठी बाहेर काढली. खुरप्याला मूठ निवडावी तशी ती बघत होती. आधी काठी एका बोटावर आडवी धरून तोल पाहायचा. मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा. शेवटी डोके जमिनीवर टेकवून हात सैल सोडायचा आणि नुसते बघायचे.

"काय करताय बाई?" मोतीरामने विचारले.

"बसती का बघते." तिने मला जमिनीवर टेकवले. माझा तळ सपाट आहे, मी हलले नाही. "थोरला टेकला का तोंड फिरवून बसतो. ही बघा, भुईवर कशी नीट बसली."

"अहो, ती चुना कालवायची काठी!"

"मंग चुन्याला दुसरी घ्या," बायडाबाई म्हणाली आणि मला घेऊन निघालीसुद्धा. सहा वर्षांनी माझा तळ कुणीतरी पाहिला होता. पोलादाला रडता येत नाही, नाहीतर मी त्या उंबऱ्यावरच रडले असते.

घरी तिने मला राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासले. चुन्याखालून माझा तीनचा आकडा वर आला. माझी मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती घट्ट गुंडाळली. त्या काळ्या रबरापुढे कारखान्यातली मूठ काहीच नव्हे, हे मी माझ्या कारखान्याची माफी मागून सांगते.

पहिल्या फटक्यात आम्ही जमिनीतून तळहाताएवढे ढेकूळ उडवले. बायडाबाईने काय करावे? चेंडू सोडून आधी ढेकळामागे गेली, ते परत खड्ड्यात बसवले, पायाने दाबले, वर ओंजळभर पाणी ओतले आणि मगच दुसऱ्या फटक्याला उभी राहिली. माझ्या आयुष्यात मी शेकडो ढेकळे उडताना पाहिली होती. कुणी परत बसवलेले पाहिले नव्हते.

हळूहळू आमचे जमू लागले. चेंडू ठेवायला तिच्याकडे लाकडी खुंटी नव्हती, म्हणून ती चिमूटभर ओल्या मातीचा उंचवटा करी, नखाएवढा. थोरल्याला चेंडू उंचावर लागतो, मला एवढाच पुरतो. फटका मारताना ती नुसते हात न फेकता कंबर फिरवू लागली. "माहेरी भात झोडायचो तवा हातानं झोडलं का दुपारीच दमायचो," ती लंकाबाईला सांगे, "कंबर फिरवली का लय वेळ निघायचा."

चेंडू सरळ जाऊ लागला खरा, पण महेशच्या नेहमीच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला शंभरएक पावले कमी पडत. बायडाबाईला त्याची काळजी का वाटत नाही, हे मला कळेना. मग एके दिवशी तिने लंकाबाईला सातव्या पट्ट्याच्या डाव्या कडेला नेले आणि खुरपे मारले. खण्ण वाजले.

मैदान व्हायच्या आधी तिथून गाडरस्ता जात असे. बैलगाड्यांच्या चाकांनी ठेचलेला मुरूम अजून गवताखाली तसाच होता, उतरता आणि दगडासारखा कठीण. तिथून थोडे पुढे, पट्ट्याच्या मधोमध, फवाऱ्याचा पाइप झिरपत असे आणि जमीन कायम दलदलीसारखी मऊ राही. साहेबांना ते ठाऊक नव्हते, कॅडींनाही नाही. ते सगळे वरून चालत जात. बायडाबाई वीस वर्षे तिथे बसून पुढे सरकत आली होती.

"त्यांचा चेंडू उडून चिखलात बसतो," ती म्हणाली. "आपला खालून जाऊ दे. रस्त्याला लागला का पळंल."

स्पर्धेचा सोमवार उजाडला. माळ्यांचे चेंडू नाल्यात गेले, पहारेकऱ्याचा बाभळीत. महेशने थोरल्याला असे फिरवले की चेंडू दिसेनासा झाला. तो उंच गेला, लांब गेला, मधोमध पडला आणि पडला तिथेच रुतला. दोनशे चाळीस पावले! टाळ्या पडल्या. खुंटी ठोकली गेली. आता आमचा एकच फटका होता आणि तो चुकला तर सातजणींनी पुन्हा तोंड उघडायचे नव्हते.

बायडाबाईने चपला काढल्या, पदर खोचला, चिमूटभर मातीवर चेंडू ठेवला. वाकली. आणि थांबली. चेंडूच्या शेजारी लव्हाळ्याचे एक पाते उगवले होते. तिने ते मुळासकट उपटले आणि बाजूला टाकले.

सगळे मैदान हसले. "आता तरी सोडा मावशी!" महेश ओरडला.

"दिसलं का हात जातो रे," ती म्हणाली, आणि तिने मला उचलले.

मित्रांनो, चांगला फटका काठीला आधीच कळतो. तिची कंबर फिरली, मी खाली आले, आणि चेंडू माझ्या चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर भेटला. तिने माझा चेहरा मुद्दाम थोडा खाली दाबला होता, म्हणून तो उंच गेलाच नाही. ठेंगणा, डावीकडे, चुन्याच्या रेघेच्या रोखाने निघाला. "गेला बाहेर!" कुणीतरी म्हणाले. लंकाबाईने डोळे मिटले. चेंडू रेघेच्या हातभर आत, गाडरस्त्यावर पडला. तिथून त्याने उसळी घेतली आणि तो पळत सुटला. उतारावरून पळाला, रस्ता वळला तसा वळला, दलदलीच्या कडेकडेने गेला आणि महेशच्या खुंटीशेजारून पुढे गेला. तिथे जरा रेंगाळला आणि मग थांबला.

महेश स्वतः पावले मोजत गेला. एकदा मोजली, पटेना म्हणून पुन्हा मोजली. मग त्याने आपली खुंटी उपटली आणि बायडाबाईच्या चेंडूशी रोवली. "सहा पावलं पुढं," तो तिथूनच ओरडला. "मावशी, जिंकलात!"

मग जो गलका झाला तो मी काय सांगू! सहाजणींनी बायडाबाईला मिठ्या मारल्या, मोतीरामने मला डोक्यावर धरून नाचवले. ज्या हाताने चुना कालवला त्याच हाताने! मी त्याला तिथल्या तिथे माफ केले.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि पुढच्या वर्षीच्या यादीत लिहू लागले : 'महिला – ७'.

"तसं नगं, साहेब," बायडाबाई म्हणाली. "हजेरीत बी सात, पोह्यांत बी सात. नावं ल्हा."

साहेबांचा खडू तसाच राहिला. त्यांना नावे ठाऊक नव्हती. त्यांनी 'महिला – ७' पुसले, वळले आणि एकेकीला विचारले. एकेक जण पुढे आली आणि आपले नाव सांगत गेली. बायडाबाई. लंकाबाई. कुसाबाई. अक्काबाई. रंगूबाई. शुभांगी. भाग्यश्री. वाचता येणाऱ्या शुभांगीने सगळी नावे मोठ्याने वाचली. कुसाबाईने ती पुन्हा वाचायला लावली.

आता मी पिंपात नसते. बायकांच्या शेडमध्ये खुरप्यांच्या रांगेत टांगलेली असते आणि दसऱ्याला खुरप्यांबरोबर मलाही हळदकुंकू लागते. तुमच्याही घरात असे एखादे पिंप असेल, मित्रांनो. त्यात काहीबाही पडले असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा जमिनीवर टेकवून पाहा. राखेने घासून पाहा, तिच्यावर कोणता आकडा आहे तो वाचा. आणि जे तुमच्या आसपास रोज काम करतात, त्यांची नावे विचारून घ्या.

यंदाच्या सोमवारी बायडाबाईने आपला पहिला नंबर सोडून दिला, म्हणून साहेबांनी पहिले नाव पुकारले : लंकाबाई. तिने मला हातात घेतले. ट्यूबची पट्टी अजून घट्ट होती. तिने चिमूटभर मातीवर चेंडू ठेवला, वाकली, आणि आधी लव्हाळ्याचे एक पाते उपटले.

या वेळी कुणी हसले नाही. सगळे मैदान तिच्यासाठी थांबले होते.