हलीमाच्या भिंतीवरचा बाजार

अक्कलकुव्याच्या इद्रिस छिप्याची पोर चिंचेवरून पडली, तेव्हा तिला सातवं सरून आठवं लागलं होतं. सन चौतीसचा फाल्गुन होता. मांडीचं हाड मोडलं. डोंगरातून रेवजीला बोलावणं गेलं. हाडं बसवण्यात त्याच्या तोडीचा माणूस त्या मुलखात नव्हता. त्याने पोरीच्या पायाला बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या, वर पाल्याचा लेप दिला आणि बजावलं, "दोन महिने पाय जमिनीले लावानं नही."

दोन महिने! हलीमा दोन घटका एका जागी बसणाऱ्यातली नव्हती. म्हणून इद्रिसने तिची बाज पुढच्या खोलीत आणली, जिथे तो स्वतः कापडावर ठसे मारीत बसे. दार उघडं ठेवलं की रस्ता दिसे, आणि बाजाराच्या दिवशी तर सगळा मुलूख दारावरून जाई. पहिले चार दिवस पोर रडली. पाचव्या दिवशी तिने अम्मीकडे चुलीतला विझलेला कोळसा मागितला आणि बाजेशेजारच्या मातीच्या भिंतीवर एक बैल काढला.

मग रोज काही ना काही त्या भिंतीवर चढू लागलं. टोपल्यावाल्या बाया, गाडीची चाकं, उंटवाला, घोडेवाला, तेलाची बुधली, भांडणारे दोन म्हातारे. पडल्या पडल्या हात जिथवर पोचेल तिथवरच चित्रं. त्यामुळे बाजेच्या उंचीपासून वर हातभर पट्ट्यात सगळा बाजार दाटीने भरलेला, आणि वरची भिंत कोरी. कुत्रं बैलाहून मोठं होतं. इद्रिसने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कुत्रा जवळ आला होता ना अब्बा, बैल लांब होता."

अख्तरबानोने, तिच्या आईने, नमाजाची चटई आतल्या खोलीत नेली, कारण सजीवांच्या चित्रांसमोर नमाज पढायचा नाही. पण पोरीला तिने अडवलं नाही. उलट कोळसे निवडून, फुंकर मारून पोरीच्या उशाशी ठेवायची.

वैशाख लागला आणि घरमालक हिंमतराव घर बघायला आले. त्यांनी भिंतीवर थाप मारली, कान लावला, खालची माती नखाने उकरली. आतून वाळवीने पार पोखरलेली.

"इद्रिसभाई, ही पावसात उभी राहायची नाही. पोरीच्या अंगावर येईल. तीन आठवड्यांनी माणसं लावून पाडतो, मिरगाच्या आत नवी उभी करून देतो."

माणूस भल्यासाठीच सांगत होता. मग चित्रांवर त्यांची नजर गेली आणि तेही जरा ओशाळले. "काय करणार? भिंत काही घडी घालून ठेवता येत नाही."

हिंमतराव गेले. हलीमाने तोंड भिंतीकडे केलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. ते इद्रिसला रडण्याहून जड गेलं.

त्याने पहिल्यांदा सुरीने एक चाक मातीच्या पोपड्यासकट सोडवून बघितलं. हातात येईतो त्याचा भुगा झाला. मग दुकानातून पातळ कागद आणून वरून रेघा गिरवायचा घाट घातला, तर कागदाखालचा काळा रंग फिसकटू लागला. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी कापड भिजवता भिजवता भिंतीला टेकून त्याच्या हाताला कोळशाचा काळा डाग लागला, तो त्याने ओल्या मलमलीला पुसला, आणि डाग जसाच्या तसा मलमलीवर उठला. इद्रिस तिथेच थांबला.

तो बाजेवर येऊन बसला. "बेटा, धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात मलमल भिजवून भिंतीवर दाबली, तर चित्र तिच्यावर उठेल. उलटं उठेल. पण ठसा उलटाच कोरावा लागतो, तेव्हा कापडावर सुलटा उमटतो. मी तुझ्या बाजाराचे ठसे करतो."

"आणि भिंतीवरचं?"

"ते पुसलं जाईल. एकदाच जमेल."

"नाही जमलं तर?"

"तर तू पुन्हा काढ."

हलीमाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बाप असून याला एवढंही कळू नये. "घोडेवाला एकदाच आला होता अब्बा. पुन्हा कुठून आणू?"

तरी शेवटी तिनेच मान हलवली. अख्तरबानोने मलमलीचं एक टोक धरलं, इद्रिसने दुसरं. एकेक तुकडा भिंतीवर बसवायचा, तळहाताने हळूहळू दाबायचा, दम धरायचा आणि सोलायचा. बैल उठला. बाया उठल्या. घोड्याच्या वेळी अख्तरबानोने डोळेच मिटून घेतले. घोडाही उठला, शेपटीसकट. भिंतीवर मागे नुसता करडा ओघळ राहिला.

आता काम इद्रिसच्या हातचं होतं. त्याने आजोबांच्या वेळचं, चांगलं मुरलेलं सागाचं लाकूड काढलं, त्यावर खडू फासला आणि पटाशी धरली. तीन पिढ्यांचा कारागीर. त्याच्या ठशातली वेल कधी वाकडी गेली नव्हती. कोरताना हात आपसूक सफाईने चालू लागला. घोड्याची मान त्याने बाकदार केली. हलीमाने घोड्याला पाच पाय काढले होते, त्यातला एक गाळला. कुत्रं बैलाच्या निम्म्यावर आणलं. काळ्या रंगात ठसा बुडवून पांढऱ्या कापडावर उठवला आणि मोठ्या अभिमानाने लेकीपुढे धरला.

तिने बराच वेळ बघितलं. मग एकदम गल्लीतल्या अहिराणी बोलीत विचारलं, "हाऊ घोडा कोना शे?"

"तुन्हाच ते शे."

"मन्हा नही. पाचवा पाय कथा गया?"

"घोड्याला चारच पाय असतात बेटा."

"उभा असला की चार. हा पळत होता!"

इद्रिसला राग आला. दिवसभर वाकून पाठ मोडली होती, चांगलं लाकूड खर्ची पडलं होतं, आणि ज्या हाताची सफाई बघायला खापर गावाहून लोक यायचे, त्यात हे एवढंसं लेकरू खोट काढत होतं. ठसा खाली आपटून तो उठला. "मग तूच कोर!" असं म्हणाला आणि लगेच वाटलं, म्हणायला नको होतं.

अख्तरबानो दळण निवडत होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "घोडा देखणा झालाय, खोटं कशाला बोलू. पण हा तुमचा घोडा आहे. तिचा ठेवायचं ठरलं होतं."

इद्रिस उंबऱ्यापर्यंत गेला. मग परत येऊन बसला, मलमलीचा तुकडा पुन्हा उलगडला आणि दुसरं लाकूड घेतलं.

आणि हेच काम जन्मात सगळ्यांत अवघड गेलं. रेघ थरथरू नये म्हणून ज्या हाताला बापाने छड्या मारल्या होत्या, त्याच हाताने आता थरथरती रेघ थरथरतीच कोरायची होती. कोळसा मध्येच मोडला तिथे रेघ तुटलेली, ती तुटलीच ठेवायची. म्हाताऱ्याच्या तोंडाला नाक नव्हतं, ते द्यायचं नाही. सफाईकडे जाणारा हात तो दर वेळी आवरत होता. आवरता आवरता त्याला दिसू लागलं, की पोरीने भांडणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात केवढे लांब काढलेत, आणि भांडणात हात खरोखरच तेवढे लांब होतात. तो एकटाच हसला.

"काय झालं अब्बा?"

"काही नाही. तुझे म्हातारे भांडतायत."

भिंत पाडली त्या दिवशी तो हलीमाला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यावर उभा राहिला. दोन तडाख्यांत भिंत बसली. पोर धुळीने शिंकली, एवढंच. बाजाराचे एकोणीस ठसे तोवर टोपलीत तयार होते.

नवी भिंत उठेपर्यंत ती बाजू उघडीच होती. इद्रिसने एका लांब पांढऱ्या कापडावर सगळे ठसे उठवले, जसे भिंतीवर होते तसे, दाटीवाटीने. बांबूला बांधून ते कापड भिंतीच्याच जागी ताणलं. बाजाराच्या दिवशी लोक आधी आडोसा समजून पुढे जात, मग मागे वळत. उंटवाला उंट थांबवून बघत राहिला. तेली आपली बुधली ओळखून इतका खूश झाला की शेजाऱ्यांना हाताला धरधरून आणू लागला.

काठी गावाकडची कालीबाई चारोळीची टोपली घेऊन आली होती. डोंगरातली बाई, घरी बोली वेगळी, बाजारात मात्र अहिराणीत व्यवहार करायची. तिने टोपली खाली ठेवली आणि कापडाला नाक लावून बघितलं.

"हाई ते मी शे!" ती ओरडली. "आन हाऊ मन्हा कुत्रा! केवढा मोठा करी टाका व माय!"

हलीमा बाजेवरून म्हणाली, "जवळ आला होता तो."

"हा, तो येसच जवळ," कालीबाई म्हणाली. तिला यात काहीच नवल वाटलं नाही. मग ती इद्रिसकडे वळली. तिला स्वतःचं तसं कापड हवं होतं.

इद्रिसने हलीमाकडे पाहिलं. ठसे तिचे होते. पोर म्हणाली, "मी उठवते."

त्याने बाजेवर फळी ठेवली, तिच्यावर हातरुमालाएवढं कापड अंथरलं. ठसा धरायचा कसा, वर मूठ मारायची कशी, ते एकदा दाखवलं आणि हात मागे घेतला. हलीमाने कालीबाईचा ठसा उठवला. जरा तिरपा. इद्रिसने ओठ चावला, पण हात पुढे केला नाही. शेजारी कुत्रा उठवला.

"आखो काय?" पोरीने विचारलं. आणखी काय हवं?

कालीबाई थोडी घुटमळली. "मन्ही बहीण शे, रमिला. लगीन व्हयनं आन दूर गयी. आम्ही दोन्ही बाजारमा संगे बसूत. आते ती येस नही." तिने चित्राच्या दुसऱ्या बाजूची रिकामी जागा दाखवली. "तिले मन्हा जवळ बसाड. पन तू तिले देखेल नही."

हलीमाने विचार केला. "तुमच्यासारखीच दिसते?"

"लोक ते तशेच म्हनतस."

पोरीने तोच ठसा पुन्हा रंगात बुडवला आणि पहिलीच्या अगदी शेजारी, टोपलीला टोपली लावून, मूठ मारली. दुसऱ्या खेपेला रंग जरा कमी लागला होता. त्यामुळे एक बाई गडद, एक फिकी.

कालीबाईने फिकीवर बोट ठेवलं. "हाई रमिला. ती मन्हापेक्षा उजळच शे."

कापड सुकायला तिने बांबूवर टाकलं आणि त्याच्याखालीच चारोळी मांडून बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला वर बोट दाखवून बहिणीची ओळख करून देत होती. इद्रिस उगाचच दोनदा बाहेर येऊन बघून गेला.