नुसता होकार

मी रक्तपेढीच्या संगणकातला होकार बोलतोय. नकारही मीच. 'या गटाचं रक्त आहे का?' एवढंच मला विचारायचे आणि मी एका शब्दात सांगायचो, हो किंवा नाही. आढेवेढे नाहीत. त्याचा मला तोरा होता. आता तो आठवला तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या दुपारी एका दुर्मीळ गटाची एकच पिशवी उरली होती. फोनवर एक भाऊ होता. बहीण बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. खिडकीवरच्या काकांनी मला विचारलं, मी हो म्हटलं, काकांनी त्याला निघून यायला सांगितलं. तो वाटेत असतानाच शेजारच्या खिडकीवरून पुन्हा तोच प्रश्न आला. पिशवी अजून फ्रिजमध्येच होती, मी पुन्हा हो म्हटलं. ती तिकडे गेली.

भाऊ धापा टाकत पोचला. काकांनी फ्रिज उघडला, तर पिशवीची जागा रिकामी.

"तुम्हीच म्हणालात ना, आहे म्हणून?" तो हळू आवाजात म्हणाला.

काकांना वर बघवेना. मी खोटं बोललो नव्हतो, आणि तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या पेढीतून रक्त मिळेपर्यंत उशीर झाला. बहीण वाचली, पण तिची गर्भपिशवी काढावी लागली.

काकांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंना बोलावून सगळं सांगितलं.

"हा हो म्हणतो तेव्हा तुमच्या हातात काय येतं?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. शब्द."

बाईंनी मला बदललं. त्यांच्या भाषेत मी आता 'ऑप्शनल' झालो, म्हणजे हातात वस्तू असेल किंवा नसेल असा. रक्त असेल तर मी पिशवीचा नंबर घेऊनच येतो आणि ती त्याच क्षणी मागणाऱ्याच्या नावावर लागते. नसेल तर रिकाम्या हाताने येतो. तसं यायची लाज वाटते, पण काका रागवत नाहीत. लगेच दुसऱ्या पेढीला फोन लावतात.

परवा तो भाऊ रक्तदानाला आला होता. भाची बसायला लागली, म्हणाला. बहिणीचं विचारायला काका धजले नाहीत. मी तर कोणत्या तोंडाने विचारणार?

तुम्हाला कुणी घायकुतीला येऊन 'आहे का?' म्हणून विचारलं, तर एवढं करा. आधी वस्तू हातात घ्या, मग हो म्हणा.