ब्रेक मागचीच्या हातात

मित्रांनो, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, म्हणजे मला सलग बोलता येईल. मी एक जुनी सायकल आहे. पण एकट्याने चालवायची नव्हे, दोघांनी मिळून चालवायची. सीटा दोन, हँडलं दोन, पायडलांच्या जोड्याही दोन, आणि एवढा सगळा संसार ओढायला चाकं मात्र दोनच. मला पाहिलं की लोक आधी हसतात, मग फोटो काढतात, मग बसतात आणि मग भांडतात. हा क्रम इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

आमचं दुकान समुद्रावर आहे म्हणायचं, पण समुद्र आणि आमच्यामध्ये बडी बडी हॉटेलं उभी आहेत. त्यांच्या पुढच्या रस्त्यावर चहाचं दरपत्रक लोक उभ्यानेच वाचतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे सरकतात. हॉटेलांच्या पाठीमागे, जिथे त्यांच्या चादरी वाळत असतात, त्या गल्लीत इस्त्रीवाला, भाजीवाली आणि आमचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. खिसा बेताचा आणि हौस मोठी असलेली माणसं हिंडत हिंडत शेवटी आमच्याच दारात येतात.

माझा जन्म कारखान्यातला नाही. दुकानाचे मालक, त्यांना सगळे दादाच म्हणत, यांच्या डोक्यातून मी निघाले. त्यांच्या बायकोची एक सायकल मागच्या पडवीत गंजत होती आणि बहिणीचीही एक गंजत होती. एका दुपारी दोघी बाजारात गेल्या असताना दादांनी दोन्ही सायकली करवतीने कापल्या, एकीचं पुढचं अंग आणि दुसरीचं मागचं अंग घेतलं आणि वेल्डिंग करून मला उभी केली. दोघी परत आल्या. पिशव्या हातातच राहिल्या.

"माझी सायकल कापली?" दोघी एकदमच ओरडल्या. त्या नणंद-भावजयीचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेव्हा. त्यानंतर फारसा योग आला नाही.

आता माझं व्यंग सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं आहे. माझं हँडल वळतं ते पुढच्याच्या हातात आणि ब्रेक आहे तो मागच्याच्या हातात. पुढच्याला दिसतं, पण थांबवता येत नाही. मागच्याला थांबवता येतं, पण पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही. म्हणजे पुढच्याने "ब्रेक!" असं ओरडायचं आणि मागच्याने ऐकायचं. दादांनी हे मुद्दाम केलं, माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून केलं, असं गल्लीतले लोक कौतुकाने सांगतात. मित्रांनो, मी तिथे हजर होते. ब्रेकची तार आखूड पडली होती. "उद्या लांब तार आणतो," असं दादा म्हणाले, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

कामाची वर्षं मात्र भरगच्च गेली. दुकानाबाहेर वन्संनी, म्हणजे दादांच्या बहिणीने, स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: "फुकट पाहा! दीपगृहाचा कट्टा. खडकांतली डबकी, खेकड्यांसह. होड्या लागतात तो धक्का. आणि टोकावरून सूर्यास्त, दोन बेटांसह. सायकल तेवढी आमची घ्या." ही सगळी ठिकाणं मला तोंडपाठ. हॉटेलातले लोक ज्या समुद्राकडे काचेतून बघत बसतात, त्याच समुद्राचे शिंतोडे मी चेनवर घेऊन यायचे.

पण बसणारे! पुढे बसलेला गृहस्थ स्वतःला जहाजाचा कप्तान समजतो. मागे बसलेल्याला वाटतं, आपण पाय नुसते पायडलवर टेकवले तर कुणाला कळणार आहे? कळतं. पुढच्याला घाम फुटला की कळतं, आणि मला तर फारच कळतं. ओल्या कपड्यांनी सीटवर बसतात. मला वाळूत आडवी टाकून पोहायला जातात आणि भरती आली की "अगं बाई, सायकल!" म्हणून धावतात. एका छोट्या मुलीने माझ्या घंटीत आइस्क्रीम भरलं होतं. ती घंटी कितीतरी दिवस 'ट्रिंग' न करता 'थप' करत होती.

कौतुकही झालं, नाही म्हणत नाही. एक म्हातारं जोडपं दरवर्षी यायचं आणि मलाच मागायचं. आजोबा पुढे बसून सगळं सांगत चालायचे, "आता डावीकडे होडी आहे, आता एक कुत्रं आडवं गेलं," आणि आजी मागून "हं, हं" करत मनापासून पाय मारायच्या. त्या दोघांना घेऊन जाताना मला चढसुद्धा चढासारखा वाटायचा नाही. असे दोघेच. बाकी सगळे माझ्या नशिबाला आले ते भांडखोर.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी दादा गेले. बरेच दिवस शटर उघडलं नाही. उघडलं तेव्हा दोन्ही बाजूंना दोघी होत्या आणि शटर वाकडंच वर गेलं.

त्यानंतर पाटीवरून बिनसलं. वहिनींचं, म्हणजे दादांच्या बायकोचं, म्हणणं, 'फुकट' हा शब्द दारावर लावून कुणी धंदा करतं का? चार पैसेवाले लोक तो वाचूनच नाक मुरडतात. वन्संचं म्हणणं, पैसेवाले या गल्लीत येतातच कशाला, रस्ता चुकल्याशिवाय? सकाळी वहिनी पाटीचं तोंड भिंतीकडे करायच्या. थोड्या वेळाने वन्सं ते परत रस्त्याकडे करायच्या. शेवटी बोलणंच बंद झालं. पण दुकान एक, चूल एक. काही सांगायचं तर असतंच. म्हणून वहिनी हवा भरायच्या पंपाशी बोलू लागल्या आणि वन्सं माझ्याशी.

"पंक्चरचं सामान संपलंय म्हणावं," वहिनी पंपाला सांगायच्या.

"संपलंय ते दिसतंय म्हणावं, डोळे आहेत," वन्सं मला सांगायच्या.

मी सायकल आहे हो, टपाल नव्हे! या सगळ्यात मला तेल घालायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. खारा वारा मात्र रोज न चुकता येत होता.

आणि मग हॉटेलच्या सजावटीचं बघणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि हात जोडून छातीशी धरले. मला वाटलं, चला, कुणीतरी कदर करणारं भेटलं. त्यांनी पर्समधून टेप काढून माझी लांबी घेतली.

"हिला आपण पांढरा रंग देऊ," बाई म्हणाल्या. "दोन्ही सीटांवर कुंड्या, हँडलांना फुलांच्या टोपल्या. दारातच उभी करू. चेन तेवढी काढून टाका हं, पाहुण्यांच्या कपड्यांना लागते."

चेन काढून टाका! मित्रांनो, माणसाला कुणी म्हणालं, तुम्हाला सुंदर सजवतो, पाय तेवढे काढून ठेवा, तर कसं वाटेल? पण वहिनी "बरं" म्हणाल्या. वन्सं आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या दिवशी त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. नुसत्या येऊन माझ्या मागच्या सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ते अंग त्यांच्याच सायकलीचं ना.

ठरलेल्या दिवशी हॉटेलची गाडी काही आली नाही. बाईंचा फोन आला की उद्या पाहुणे येतायत, आज संध्याकाळच्या आत तुम्हीच आणून द्या. वहिनी एकट्याच मला घेऊन निघाल्या. हॉटेलच्या फाटकाकडे जाणारा रस्ता उताराचा आणि मी ही अशी लांबलचक. उतार लागला तशी मी सुटू लागले. वहिनींनी हँडल घट्ट धरलं, पण ब्रेक मागे! त्या ब्रेककडे धावल्या तर हँडल फिरलं. आम्ही दोघी भाजीवालीच्या कोबीच्या ढिगात जाऊन थांबलो.

"अहो, मालकीणबाई, कोबी हवा होता तर मागायचा ना!" भाजीवाली म्हणाली.

घामाघूम होऊन वहिनी मला ढकलत परत आल्या. दारात वन्सं उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. हसू दाबणाऱ्या माणसाचे खांदे मला ओळखता येतात.

वहिनी पंपाकडे वळल्या. "मागे बसायला माणूस लागेल म्हणावं."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "ब्रेक धरायला येते म्हणावं. निरोप द्यायला नव्हे." आणि पदर खोचून मागे बसल्या.

निघालो. वहिनी पुढे, त्यांची पाठ चांगली ऐसपैस. वन्संना त्या पाठीवरच्या फुलाफुलांच्या कापडाखेरीज काही दिसत नव्हतं. उतार लागला. मी वेग घेतला. खाली हॉटेलचं पांढरं फाटक दिसू लागलं, दारात त्या बाई हात हलवत उभ्या होत्या. आता वहिनींनी "ब्रेक" म्हणायचं. एक शब्द. पण म्हणायचा कुणाला? ऐकायला समोर पंप नव्हता. वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. घसा खाकरला. घंटी वाजवली. वन्सं मागे ढिम्म. त्यांना वाटलं, कुणी आडवं आलं असेल.

फाटक आलं. फाटक गेलं. बाईंचा हात हवेतच राहिला.

मी तुम्हाला खरं सांगते, मला त्या क्षणी दोघींचाही इतका संताप आला की कुठलं तरी चाक निखळून पडावं असं वाटलं. हट्टालाही काही मर्यादा! आम्ही हॉटेलची भिंत मागे टाकली, धक्का मागे टाकला, दीपगृहाचा कट्टा डावीकडून सर्रकन गेला. पुढे रस्ता संपतो आणि टोक सुरू होतं. टोकाच्या पुढे समुद्र.

"वन्सं, ब्रेक!" वहिनी अशा किंचाळल्या की कठड्यावरचे पक्षी उडाले. "अहो वन्सं, ब्रेक दाबा!"

वन्संनी दाबला. माझी जुनी तार करकरली, पण धरली. वाळूत घसरत मी कठड्यापाशी थांबले. खूप वेळ कुणीच उतरलं नाही.

"फाटकापाशी का नाही सांगितलंत?" मागून वन्सं म्हणाल्या.

"तुम्हाला दिसलं नाही?"

"मला तुमची पाठ दिसते, वहिनी! दोन तास बसले तरी पाठच दिसणार!"

मग दोघी उतरल्या आणि कठड्यावर बसल्या. समोर सूर्य खाली येत होता. पाणी तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखं झालं होतं. अख्ख्या दुनियेला या जागेचा रस्ता सांगणाऱ्या या दोघी आजवर इथे आल्याच नव्हत्या. दुकान कोण सांभाळणार? वन्संनी पाटी रंगवली ती दादांच्या तोंडचं ऐकून.

वहिनींनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. "बेट एकच आहे."

"दादा दोन म्हणायचा."

"तुमच्या दादांना एकाची दोन दिसायची. आणि कधी नव्हे त्या दोन सायकली दिसल्या, तर त्यांची एक करून ठेवली."

वन्सं हसू लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. वहिनींनी तिकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"सकाळी शटर वर केलं की पहिली हीच दिसते," त्या म्हणाल्या. "रोज. आणि तुमचे दादा आठवतात. मला नको वाटतं, वन्सं."

"मला वाटलं, ती तुम्हाला नकोशी झालीय."

"नकोशीच झालीय. तेच सांगतेय."

वन्संनी माझ्याकडे वळून बघितलं. "मग आतल्या बाजूला ठेवू. दारात दुसरी ठेवू. पण फुलं नको, वहिनी. दादाला शिंका यायच्या फुलांनी."

तेवढ्यात हॉटेलात उतरलेली एक बाई चपला हातात घेऊन कठड्यापाशी आली. अवतीभवती बघत तिने दबकत विचारलं, "इथे बसायचं तिकीट कुठे मिळतं हो?"

"फुकट आहे!" दोघी एकदमच म्हणाल्या. सायकली कापल्या तेव्हाच्या त्या सुरात. आणि मग वहिनींनी वर जोडलं, "खडकांतली डबकी पण बघा. खेकडे आहेत."

हॉटेलच्या बाईंना पडवीतली एक मोडकी सायकल मिळाली. तिला ना चेन होती, ना तक्रार. फुलं तिला शोभतात, असं ऐकते. पाटीचं तोंड आता रस्त्याकडे असतं आणि त्यावर वहिनींनी रंगाने खाली लिहिलंय: "बेट एकच आहे, पण बघण्यासारखं आहे." पंप फक्त हवा भरतो. मी आतल्या बाजूला उभी असते, आणि दुकान बंद करून कधी कधी त्या दोघी मला बाहेर काढतात. भांडण अजून होतं, पण आता ते एकमेकींशी होतं. ब्रेक अजून मागेच आहे. लांब तार उद्या आणणार आहेत.

तेव्हा मित्रांनो, कधी माझ्यासारखी एखादी भेटली तर एवढं करा. पुढे बसलात तर काय दिसतंय ते मागच्याला सांगत चला. त्याने तुमच्या भरवशावर पाठीकडे तोंड केलेलं असतं. मागे बसलात तर पाय मारा, कळतं आम्हाला. परत आणलीत की वाळू झटका, चेनला दोन थेंब तेल द्या आणि घंटीत काहीही भरू नका. आणि हे एवढंही जमणार नसेल, तर सरळ पायी जा. टोकावर जायला कुणाचीच हरकत नाही.