नळीवरचा दिवा

"हा घे तुझा दिवा!" अलोंझो मिम्सनं काचेच्या कपाटावर डबी आपटली. "बदलून दे, नाहीतर तूच चल कबरस्तानात आणि त्या डुकरिणीला हात जोडून सांग."

बंदुकांच्या दुकानाचा मालक रॉस्को शाळेत अलोंझोच्याच बाकावर बसलेला. तो कशाला घाबरतोय?

"आता काय झालं? अख्ख्या जॉर्जियात याच्याहून प्रखर दिवा रायफलीवर चढवलेला दाखव मला. पलीकडच्या तालुक्यातलं हरीण दिसेल यात."

"दिसलं ना! डुक्कर सोडून सगळं दिसलं."

न्यू हेब्रॉन चर्चच्या मागे ओकच्या झाडांखाली कबरस्तान होतं. ओकची फळं गळायला लागली आणि रानडुकरांनी तिथं मुक्काम टाकला. मुसंडी मारून त्यांनी वरच्या ओळीतल्या कबरी उलथ्यापालथ्या केल्या. पिंजरा लावून झाला, पण म्हातारी डुकरीण मोठी बेरकी. आत पाऊल घालीना. खालच्या ओळीत लुव्हेनिया होती, अलोंझोची बायको. तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, माती अजून भुसभुशीत होती. येत्या रविवारी चर्चचा मेळावा. शिकागोहून दोघी लेकी येणार आणि गाडीतून उतरल्या उतरल्या आधी आईकडे जाणार. तिथं उकिरडा दिसला तर बाप म्हणून तो कुठं तोंड लपवणार? चर्चचा कारभार बघणारा डीकन म्हणून डुकरं हटवायचं काम त्याच्याकडे आलं होतं खरं, पण त्याच्यासाठी ते चर्चचं काम उरलंच नव्हतं.

डुकरं रात्रीच यायची, म्हणून रायफलीवर दिवा हवा. रॉस्कोनं दिलेल्या पहिल्या दिव्याची कळ दाबली की फटाक्यासारखा टक् आवाज व्हायचा. त्या आवाजानंच कळप पसार झाला. दुसरा, हा प्रखर, त्यानं तर अब्रूच घेतली. त्यांच्या मंडळींत रिवाजच आहे, गेलेला माणूस शेवटचं ज्यातून प्याला तो पेला कबरीवर ठेवतात, आरसा लावतात, पांढरे शंख मांडतात, चंदेरी कागदाची फुलं खोचतात. अलोंझोनं कळ दाबली मात्र, एकूणएक आरशानं, पेल्यानं, शंखानं तो झोत उलटा त्याच्याच डोळ्यांत फेकला. जन्म गेला त्या कबरस्तानात ये-जा करण्यात, पण दिवा निवडताना हे ध्यानात आलं नाही! तो डोळे चोळत बसला आणि डुकरीण आरामात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायरीवर मदर आयडेलानं गाठलंच. ऐंशी उलटलेली बाई, मानानं सगळं चर्च तिला 'मदर' म्हणायचं. अलोंझोला बायबलची अक्षरं तिनंच गिरवायला लावलेली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी कबरस्तानावर उघडायची.

"अलोंझो, काल पुनरुत्थान झालं का रे? केवढा तो उजेड! मी चर्चची टोपी घालून तयार बसले, म्हटलं आता हाक येईल."

"मदर, चार दिवस आरसे काढून ठेवले तर?"

"माझ्या नवऱ्याच्या आरशाला हात लावून तर बघ. डुकरं परवडली म्हणेन मी."

दुकानात हे सगळं ऐकून रॉस्को पोट धरून हसला. अलोंझो हसला नाही.

"तू मला सारखा मोठा, आणखी मोठा दिवा देतोस. आपले रेव्हरंड प्रवचनाच्या पहिल्याच वाक्याला किंचाळले असते तर लोक उठून गेले असते. ते कसे गप्पा मारल्यासारखे सुरू करतात! मग आवाज हळूच सुरात शिरतो, ऑर्गन त्याला उत्तर देतो, आणि आपण कधी उभे राहिलो ते आपल्यालाच कळत नाही. तसा दिवा नाही का तुझ्याकडे?"

रॉस्कोनं कपाटाच्या तळातून धूळ बसलेली डबी काढली. "हा लाल आहे. हळूहळू चढतो. कळ मुकी आहे. डुकरांच्या डोळ्याला लाल फारसा जाणवत नाही. पण कोणी घेत नाही, डबीवरचा उजेडाचा आकडा लहान आहे ना!"

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तू मोठाच मागितला होतास, डीकनसाहेब."

दिवा चढवला, नेम पुन्हा तपासला आणि शनिवारी अंधार पडता पडता अलोंझो वरच्या कुंपणापाशी टेकला. झाडांखाली फुरफुर ऐकू आली. त्यानं अंगठ्यानं दिवा थोडा, आणखी थोडा चढवला. आरसे निखाऱ्यासारखे मंद लाल झाले, डोळे दिपले नाहीत. डुकरीण जागची हलली नाही. अगदी हवा तसा दिवा!

पण ती लुव्हेनियाच्या कबरीवर उभी होती. तिच्या पाठीमागे दगड आणि दगडावर नाव. प्रत्येक अक्षर वाचता येत होतं, आणि ते वाचायला रायफल तिकडेच रोखावी लागत होती. गोळी जरा इकडेतिकडे झाली तर दगड फुटणार. एकेचाळीस वर्षं संसार केला त्या बाईचं नाव नळीच्या टोकाशी! त्यानं दिवा मालवला.

मग नुसतं ऐकणं आलं. माती उसवली जात होती, शंख एकमेकांवर आपटत होते, पेला घरंगळला. ओरडला असता तर ती पळाली असती आणि उद्या मेळाव्यात परत आली असती. त्यानं दात आवळून धरले. "देवा, हिला हलव. मला नको हलवूस."

बऱ्याच वेळानं खुरांचा आवाज उताराकडे, ओढ्याच्या उंच दरडीकडे सरकला. तिथं एकही कबर नव्हती. दिवा, डुकरीण, मागं नुसती माती. गोळी सुटली. डुकरीण जागीच कोसळली, कळप झाडीत उधळला.

अलोंझोनं रायफल रिकामी केली, कुंपणाला टेकवली आणि येऊन कबरीशी गुडघे टेकले. हातानं चाचपत माती आत लोटू लागला. पेल्याचा काठ फुटला होता.

"लागली का रे?" मदर आयडेला खिडकीतून ओरडली.

"लागली!"

"मग काळोखात काय करतोस? दिवा लाव की! एवढा निवडून निवडून आणलास!"

"तो रायफलीला आहे, मदर. इकडे नाही रोखता येत. रिकामी असली तरी नाही."

खिडकी बंद झाली. जरा वेळानं मदर आयडेला घरातल्या सपाता घालून, धापा टाकत, हातात छोटी बॅटरी घेऊन आली.

"सरक," ती म्हणाली. "शंख कुठला कुठे होता ते तुला नाही आठवायचं. मांडले तेव्हा तू नुसता रडत होतास."