बोलायची पाळी

“हे काय आहे, काका?” बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या मुलीने एक कार्ड पंडितच्या डोळ्यांसमोर धरलं. कार्डावर कपाचं चित्र होतं.

पंडितने ते पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि डाव्या हाताचं बोट कपाच्या कानावर आपटलं. “पण,” तो म्हणाला. “पण... पण...”

“कप. म्हणा बरं, क... प.”

“पण!”

मुलीने कार्ड खाली ठेवलं आणि त्याच्या बायकोकडे वळून हळूच म्हणाली, “वस्तू ओळखता यायला अजून वेळ लागेल, काकू. धीर धरायचा.”

“अगं, ओळखलाय त्यांनी कप. चित्र चुकलंय म्हणतायत. कप समोरून काढलाय आणि कान वरून. बघ की नीट.”

मुलीने पाहिलं, हसून मान डोलावली आणि पुढचं कार्ड काढलं. त्यावर मांजर होतं. पंडितने डोळेच मिटून घेतले.

पंडित हे त्याचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासण्यात त्याची हयात गेली. पण संध्याकाळी घरी आला की त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असायचं, म्हणून सगळे त्याला पंडित म्हणत. सुटे भाग आणून तो स्वतः कॉम्प्युटर जोडायचा आणि कुठला पंखा हवा ओढतो, कुठला नुसताच कोकलतो, ते विचारलं नसताना सांगायचा. चित्रकथांची पुस्तकं तर कपाटात मावत नव्हती. निवडणूक आली की उमेदवारांच्या पोस्टरवरचं हसू तपासून कोण पडणार ते जाहीर करायचा, आणि बहुतेक वेळा तोंडावर आपटायचा. नातेवाईक त्याला पाहून वाट बदलत. बायकोही भाजी चिरता चिरता नुसतं “हं” म्हणायची.

मग एका सकाळी दात घासताना त्याच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. “त्यांना समजतं सगळं,” डॉक्टर म्हणाले, “शब्द मात्र सापडत नाहीत. सापडतील, किंवा नाहीही.” एक ‘पण’ तेवढा मागे उरला होता.

सरावाची मुलगी गेली आणि थोड्या वेळाने पंडितचा दुकानदार मित्र आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दर रविवारी पंडितशी कडाकडा भांडायला तो या घरी यायचा. पंडितला हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून मात्र तो आज पहिल्यांदाच फिरकत होता.

“काय रे पंडित, मस्त दिसतोयस!” खुर्ची ओढत तो म्हणाला. पंडितचा चेहरा उजळला.

“तुझंच खरं निघालं बघ. कॅबिनेटला दोन पंखे हवेतच. मीच मूर्ख.”

“पण,” पंडित म्हणाला.

“आणि निवडणुकीचंही तुझंच बरोबर. तो बुटका उमेदवार पडणार. तू म्हणशील ते कबूल.”

पंडित त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने सावकाश मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुकानदार उठून स्वयंपाकघरात आला. “वहिनी, माझं काय चुकलं?”

“तुम्ही कधी त्यांचं काही कबूल केलं होतंत का आजवर?”

“अहो, पण त्याला उलट बोलता येत नाही. अशा माणसाशी भांडायचं कसं?”

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “मला पंख्यांतलं कळत नाही, चित्रांतलं वाद घालण्याइतकं कळत नाही. मी नुसती पाठ चोळते. तुम्ही तरी बघा काहीतरी.”

दुकानदार परत खोलीत गेला. मग घसा खाकरून म्हणाला, “खरं सांगू का? तुझा तो चित्रकथांचा लाडका चित्रकार मला कधीच आवडला नाही. नुसत्या रेघोट्या. हात काढता येत नाहीत म्हणून सगळ्यांचे हात खिशात घालून ठेवतो लेकाचा!”

पंडितची मान गर्रकन वळली. चेहरा लाल झाला. “पण!” तो ओरडला. “पण पण...” ओठ वाकडा झाला, लाळ हनुवटीवर ओघळली. डाव्या हाताने तो हवेत रेघा ओढू लागला, थांबला, गादीवर मूठ आपटली. पुन्हा तोंड उघडलं. काहीच आलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बायको टॉवेल घेऊन धावली. दुकानदाराचा धीर सुटला. “चुकलो रे बाबा, गंमत केली. चांगला काढतो तो, चांगला...”

पंडितने त्याची बाही धरली आणि जोरात हिसडली.

दुकानदाराने पंडितच्या बायकोकडे पाहिलं. मग खुर्ची पलंगाला चिकटवून तो खाली बसला.

“बरं. नाही घेत शब्द मागे. तो भिकारच काढतो. आता तू बोल. मी थांबतो.”

त्याने कान पुढे केला. दुकानातून फोन येत होता. तो खिशात वाजला, थांबला, पुन्हा वाजला. प्रचाराची गाडी कर्णा वाजवत खिडकीखालून गेली. दुकानदार मधे एक अक्षर बोलला नाही. खोलीत अंधारून आलं तेव्हा बायकोने उठून दिवा लावला. पंडितने बाही सोडली नव्हती, आणि त्याचे ओठ हलत होते.