उजव्या बाजूचा आरसा

"आरसा हाय का चुलीवरचा तवा," धर्माजी पुटपुटले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या तोंडावरून फडकं फिरवलं. त्या सकाळचं ते चौथं फडकं होतं आणि अजून पहिला थांबाही आला नव्हता.

मित्रांनो, तो तवा म्हणजे मी. मी शाळेच्या एका जुन्या पिवळ्या बसचा उजव्या बाजूचा आरसा आहे. मला मागचा रस्ता दिसतो आणि चालवणाऱ्याचं तोंड दिसतं. बसच्या आतलं मात्र फक्त ऐकू येतं. जन्माचं म्हणाल, तर पाठीवर चंदेरी मुलामा चढेपर्यंत मी नुसती काच होतो. आरपार दिसणाऱ्याला आठवणी कुठून असणार? माझं आठवणं सुरू होतं ते धर्माजींच्या चेहऱ्यापासून.

बस त्यांच्या मालकीची. कर्जतकडच्या वाड्यावस्त्यांवरून पस्तीस पोरं गोळा करायची आणि खालापूरच्या शाळेत सोडायची. बारा वर्षं आम्ही हेच केलं. पोरांना चढवायला-उतरवायला त्यांची बायको मालनबाई सोबत असत. धर्माजी बस सुरू करण्याआधी माझ्याकडे एकदा बघायचे, मग चावी फिरवायचे. नव्या ड्रायव्हरांना सांगायचे, "कारवाला पुढं बघून चालवतो, बसवाला मागं बघून." तेव्हा मला अभिमान वाटत असावा. नक्की आठवत नाही. आरशाला वाटत नाही, नुसतं दिसतं.

वर्षभरापूर्वी त्यांचं बघणं बदललं. नजर माझ्याकडे यायची, पण माझ्यावर टेकायची नाही. समोर टेंपो आला तर तो जवळ आल्यावरच त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्याच सुमारास मालनबाई फार बोलायला लागल्या. "काय बाई, ह्या टेंपोवाल्यानं डाव्या अंगाला गाडी लावलीय." "बघा तरी, म्हशी आल्या वळणावर." पोरं हसायची, आजी रस्त्याशी बोलतात म्हणायची. धर्माजी हसायचे नाहीत. मालनबाईंनी डावीकडे म्हटलं की ते बस उजवीकडे घ्यायचे.

एके दिवशी मालनबाईंना ताप होता आणि त्या घरी राहिल्या. डोंगराखालच्या वाडीवर, शेवटच्या थांब्यावर पोरं उतरली. बुधी नावाची पहिलीतली मुलगी बसच्या मागे उजव्या कोपऱ्याशी वाकून चपलेचा पट्टा लावत होती. ती पूर्ण माझ्यात होती. वेण्या, दप्तर, तुटका पट्टा, सगळं. धर्माजींनी माझ्याकडे बघितलं आणि मागचा गिअर टाकला.

चहाच्या टपरीतून टपरीवाला पोपट धावत आला आणि बसच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "अरं थांब, पोर हाय मागं!"

बस थांबली. बुधी चप्पल हातात घेऊन पळाली. पोपट खिडकीपाशी येऊन उभा राहिला. त्यानं धर्माजींच्या तोंडाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आरसा बदल रं बाबा," तो म्हणाला. "धुरकटलाय."

"हां," धर्माजी म्हणाले. "लय दिवस झालं, बदलायचाच हाय."

म्हणजे दोष माझा ठरला. मला वाईट वाटलं का? नाही. मी तिथं तसाच लटकत राहिलो आणि रिकामा रस्ता दाखवत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी त्यांची सून पौर्णिमा बस धूत होती. ती हॉटेलच्या पाहुण्यांना छोट्या गाडीतून माथेरानच्या पायथ्याशी सोडायची. कारचं लायसन तिच्याकडे पाच वर्षं होतं. माझ्यावर पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "आप्पा, मी मोठ्या गाडीचं लायसन काढते. प्रवासी बसचं. जोडीला असावं."

"जोडीला काढ की," धर्माजी म्हणाले.

"जोडीला बरं पडतं, लग्नाकार्याला," मालनबाई म्हणाल्या.

तिघांनी जोडीला हा शब्द जपून वापरला. पोपटनं घरी बुधीचं नक्कीच सांगितलं होतं. तो विषय कोणी काढला नाही.

लहान लायसन मोठं करायला आधी डॉक्टरचा दाखला लागतो. तिघं बस घेऊनच खालापूरला गेली. दवाखान्याबाहेर पौर्णिमा बसमध्येच कागद चाळत बसली. धर्माजी तिला धीर द्यायला म्हणाले, "घाबरू नको गं. डोळ्याचा तक्ता सोपा हाय. शेवटची ओळ न, र, क, घ, म. त्याच्या वरची प, त, ल, ग."

 मालनबाईंच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. मागच्या वेळी धर्माजींनी स्वतःचं लायसन वाढवून घेतलं, ते कसं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्यांनाही कळलं की आपण काय बोललो.

"ध्यानात ठेवते, आप्पा," पौर्णिमा म्हणाली आणि उतरली.

वीस मिनिटांनी ती आली. "तक्ता बदललाय. आता आकडं हायत."

"आकडं का?" धर्माजी म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी मला पुसलं.

शिकाऊ परवाना झाला. महिनाभर ती ट्रेनिंगला गेली आणि रविवारी मोकळ्या माळावर आमची बस चालवू लागली. शेजारी धर्माजी बसायचे. शिकवायला त्यांना दिसायची गरज नव्हती, बस कशी चाललीय ते त्यांना बुडाला कळायचं. "लवकर वळलीस. कारची सवय सोड. हितं चाक तुझ्या पाठीमागं हाय. वळण खुर्चीखालून जाऊ दे, मग वळ. आता आरसा बघ. शेपूट कुठं चाललीय?"

"बांधाला लागंल आप्पा."

"मग मला काय सांगतेस? त्या आरशाला विचार."

तिनं मला तिच्या उंचीला फिरवून घेतलं. वर्षानंतर एक नजर माझ्यावर नीट टेकली. मी बांध दाखवला, तिनं बांध वाचवला. आमचं काम एवढंच असतं.

ती परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. नवं कार्ड टपालानं आलं. मालनबाईंनी पेढे वाटले. पोपटलाही दिले. सगळे म्हणाले, बरं झालं, जोडीला आलं. सोमवारी सकाळी धर्माजी पुन्हा माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसले. पौर्णिमा दाराशी उभी राहिली. तिनं हात पुढे केला नाही, त्यांनी चावी दिली नाही. मालनबाईंनी रस्त्याशी बोलायला सुरुवात केली. आठवडा असाच गेला. बुधी रोज चढली, रोज उतरली.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूचं एक मागणं असतं. आम्हाला पुसा, जागच्या जागी ठेवा, तडा गेला तर बदला. पण दुसऱ्या कशाला तडा गेला असेल, तर तो आमच्या माथी मारू नका. आम्ही नाही म्हणू शकत नाही.

पुढच्या बुधवारी धर्माजींचा मुलगा नरेश माथेरानच्या हॉटेलातून सुटीवर आला. येताना शिळफाट्यावरून नवा आरसा घेऊन आला. आप्पांनीच सांगितलं होतं. त्यानं पान्यानं मला सोडवलं आणि पौर्णिमाच्या हातात दिलं. माझ्या जागी नवा बसवला. मी तिच्या हातात, तोंड वर करून, धर्माजींची हनुवटी आणि डोळे बघत होतो. पोरं थांब्यांवर वाट बघत असणार. निघायची वेळ झाली होती.

धर्माजींनी नव्या आरशात बघितलं.

"आता लख्ख दिसत असंल," मालनबाई म्हणाल्या.

त्यांनी फडकं काढलं आणि नवा आरसा पुसला. पुन्हा बघितलं, पुन्हा पुसला.

"आप्पा, वरचा कागद काढायचा राह्यला असंल," नरेश म्हणाला. "थांबा, बघतो."

"कागद नाय रं."

 मग त्यांनी चावी काढली, चाचपत पायरी शोधली आणि खाली उतरले. पौर्णिमाचा हात हुडकून चावी त्यात ठेवली. बोटं माझ्या काचेला लागली, तशी तिथंच थांबली.

"हाच लाव परत," ते म्हणाले. "ह्याचा काय गुन्हा नाय. मला दिसत नाय, पोरी. वरीस झालं."