साउथवार्क

ललिताबाई उद्या पहाटेच्या विमानाने लंडनला लेकीकडे निघणार होत्या आणि मी त्यांना एक नाव चुकीचं शिकवलं होतं. हे मला आज दुपारी कळलं. लंडनच्या बसचा एक व्हिडिओ बघत होतो. त्यातली बाई म्हणाली, ‘सदक’. पाटीवर मात्र तीच अक्षरं, जी मी आयुष्यभर ‘साउथवार्क’ अशी वाचत आलो.

वाचनालयाच्या माडीवर मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. लंडन मी पाहिलेलं नाही. घड्याळाचा मनोरा, कवींना जिथे पुरलंय ते चर्च, सगळं पुस्तकांतलं. साउथवार्कवर तर मी रंगून बोललो होतो : नदीच्या दक्षिण काठची जुनी नाटकघरं, यात्रेकरू उतरायचे त्या सराया. ललिताबाईंनी तेच मनात धरलं. लेक कामावर गेली की एकटीने बसने जाऊन नाटकघर बघायचं. लेक फोनवर म्हणाली होती, “आई, तुला नाही जमायचं.” म्हणून ड्रायव्हरला विचारायचं वाक्य त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. त्या वाक्यातच ते नाव.

फोन दोनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार? शेवटी त्यांच्या घरी जायला हिंजवडीची बस पकडली. बसायला जागा होती, तरी दांडा धरून उभाच राहिलो. वाकडच्या पुढे कंपन्यांच्या बसगाड्यांत आमची बस अडकली. ती काही हलेना, मलाही थांबवेना. उतरून चालायला लागलो. तोंडाने ‘सदक, सदक’ चाललेलं. मध्येच शंका आली, त्या बाईचंच चुकलं असेल तर?

ललिताबाई ओसरीवर बॅगेच्या चेनशी झटत होत्या. सून शेफाली बॅगेवर बसली होती.

“अगंबाई, सर! घामानं भिजलाय की हो. शेफाली, पाणी आण.”

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नाव चुकलं. सदक म्हणायचं.

शेफाली पाणी आणता आणता हसली. “आई, तिथं विचारलं असतं तर ड्रायव्हरनं थेट विमानतळावर सोडलं असतं.”

“तू गप. तुमी सगळी आयटीची पोरं आमच्या हिंजवडीला हिंजेवाडी म्हणता. आमी कुणाला विमानतळावर धाडलं का? सांगतोच की रस्ता.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “पर सर, तिथली माणसं सांगतील का?”

मी बाहीने कपाळाचा घाम पुसला.

“आन् ते तुमच्या कागदावरचं, जिथनं घड्याळाची वेळ मोजत्यात? ग्रीनविच?”

“ते... बहुतेक ग्रेनिच.”

“बहुतेक?”

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवायला जागा दिसेना, हातातच राहिला. त्यांनी शेफालीचा मोबाइल मागून घेतला, मी लिहून दिलेला कागद पिशवीतून काढला आणि बॅगेवर पसरला.

“बसा सर. हितं एकेक नाव लावू, ह्यातली बाई कशी म्हणती ते ऐकू.”

मोबाइलमधली बाई म्हणाली, “सदक.”

“हं,” ललिताबाई म्हणाल्या, “आधी तुमी म्हणा.”